पालथा घातलेला डबा

काकांच्या मनगटावरच्या घड्याळात कायम पुण्याची वेळ असायची. लंडनला असोत, सिंगापूरला असोत की अटलांटिक महासागराच्या मधोमध असोत, त्यांनी काटे कधी फिरवले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "फिरायला मी आलोय. घड्याळ घरीच आहे."

काका म्हणजे आमच्या प्रवासी कंपनीचे आचारी. कंपनी लहान, स्वारगेटच्या मागे दोन खोल्यांत मावणारी. परदेशात गेलेल्या पुणेकराला तिसऱ्या दिवशी वरणभात लागतो, एवढ्या एका ज्ञानावर ती चालायची. मी तिथे टूर मॅनेजर होतो, तेहतीस वर्षांचा. काका साठी ओलांडलेले, किरकोळ बांध्याचे, पांढऱ्या सदऱ्यावर राखाडी स्वेटर घालणारे. सहलीतल्या कुणी कौतुकानं 'महाराज' अशी हाक मारली की थंडपणे सांगायचे, "महाराज साताऱ्याला. मी कसब्यातला. आचारी म्हणा."

त्यांच्याबद्दल मी आजवर कुठे बोललो नाही. बोलायचं म्हटलं की एका सकाळबद्दल बोलावं लागतं, आणि त्या सकाळी मी काही बरा दिसत नाही. पण हे सांगायलाच हवं. तेव्हा आधी त्यांच्या सवयी सांगतो. तेवढ्यात धीर आला की माझंही सांगेन.

शेवटचा माणूस जेवून उठल्याशिवाय आचाऱ्यानं पानावर बसायचं नाही, हा त्यांचा नियम. मुंजी, लग्नं, साठीशांती, सगळीकडे चाळीस वर्षं पाळलेला. आमची ती सहल इंग्लंडहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बोटीची होती. पंधरा मजल्यांची बोट. ती धक्क्यावर पहिल्यांदा पाहून काका म्हणाले होते, "आमच्याकडे चौथा मजला चढवला तर शेजारी कोर्टात जातो." त्या बोटीवर अकराव्या मजल्यावर जेवणघर, आणि ते पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उघडं. पहिल्या दिवशी दुपारी मी काकांना तिथे एका खांबाशी हाताची घडी घालून उभे असलेले पाहिलं. संध्याकाळी गेलो तर तिथेच.

"जेवलात का?"

"माणसं उठायची आहेत अजून."

मी त्यांना समजावलं की इथे अडीच हजार माणसं आहेत, ही पंगत सात दिवस उठणार नाही. त्यांनी विचार केला. म्हणाले, "मग इथल्या आचाऱ्यानं जेवायचं कधी?" शेवटी मी तोड काढली, की आपली चाळीस माणसं उठली म्हणजे आपली पंगत उठली. ते त्यांना पटलं. त्यानंतर ते प्रत्येक जेवणाला आमची माणसं मोजायचे. एकदा चाळिसाव्याला शोधत पोहण्याच्या तलावापर्यंत गेले आणि तिथे खुर्चीवर झोपलेल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला उठवून त्यांनी विचारलं, "आपलं झालं का?"

खरं म्हणजे काका त्या जेवणघरात प्रवासी म्हणून उभे होते, हीच माझी पहिली चूक. सहलीच्या पत्रकात 'रोज आपलं जेवण' असं आम्ही छापलं होतं. बोटीच्या स्वयंपाकघरात बाहेरचा आचारी घेत नाहीत, हे मी विचारून घ्यायला हवं होतं. नेहमी हॉटेलवाले घेतात, म्हणून हेही घेतील, असं धरून चाललो. बोट सुटल्यावर नकार मिळाला. लोक चिडले. आमच्या मंडळीत एका कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे बाई म्हणत. त्यांनी पत्रक हातात धरून मला सगळ्यांसमोर वाचायला लावलं. मी वाचत असताना मागून काका म्हणाले, "चाळीस वर्षं मी वाढतोय. सात दिवस कुणी मला वाढलं तर तुमच्या पोटात का दुखावं?" लोक हसले आणि पांगले. मी सुटलो. बोटीवर त्यांनी मला सोडवल्याची ती पहिली खेप.

काकांच्या हातून कधी काही सांडत नसे. यात अतिशयोक्ती नाही. स्वित्झर्लंडच्या घाटात, चालत्या बसमध्ये, ताकाचं पातेलं दोन हातांत धरून ते उभे राहायचे. वळणावर सगळी बस कलंडायची, काका कलंडायचे, ताक जागच्या जागी. आमच्या ऑफिसात ते एक प्रेक्षणीय स्थळच होतं. त्यांनाही त्याचा अभिमान होता, पण बोलून दाखवत नसत. फक्त दुसऱ्या कुणाच्या हातून चमचा जरी पडला तरी त्याच्याकडे बघायचे.

बोटीवर करायला काम नाही, तेव्हा त्यांचं एकच काम उरलं होतं. दही लावणं. त्यांच्या सामानात स्टीलचा एक कडीचा डबा असायचा आणि त्यात विरजण. ते विरजण त्यांच्या बायकोनं लग्नात माहेराहून, वाईहून, आणलं होतं. तीस वर्षं तिनं ते रोज पुढे नेलं. काका सहलींवर असले की घरी ती लावायची. ती गेली आणि मागे घरात लावणारं कुणी उरलं नाही, तेव्हापासून काका डबा बरोबर घेऊन निघू लागले. हे त्यांनी मला सांगितलं ते असं: "तिला प्रवासाची आवड नव्हती. आता हिंडतेय."

कंपनीनं आम्हा दोघांना मिळून एकच खोली दिली होती. खिडकी नसलेली, आणि गारठून टाकणारी. अशा थंडीत दही लागेना. काकांनी खोलीभर हात फिरवून ऊब शोधली आणि छोट्या फ्रिजच्या पाठीमागे ती त्यांना सापडली. डब्याला टॉवेल गुंडाळून, वर स्वतःची कानटोपी चढवून त्यांनी तो तिथे बसवला. खोली आवरायला येणारे इब्राहिमभाई म्हणजे श्रीवर्धनकडचे, चाळिशीचे, वर्षातले नऊ महिने बोटीवर काढणारे. पहिल्या दिवशी फ्रिजमागची कानटोपी पाहून ते दचकले, आणि आत काय आहे ते कळल्यावर हसत सुटले. दुसऱ्या दिवसापासून कोमट दूध तेच आणून देत. काका त्यांच्याशी तासभर गप्पा मारायचे. त्यांचा करार महिन्याभरात संपत होता. एखादा वाईट शेरा आला की पुढच्या बोटीला बोलावत नाहीत, हे इब्राहिमभाईंनी त्यांना सांगितलं होतं, आणि काकांनी मला.

तिसऱ्या दिवशी आमच्या मंडळींना दह्याचा सुगावा लागला. पाव, चीज आणि बेचव भाज्यांना सगळे विटले होते. आमच्या दारात वाट्या घेऊन रांग लागू लागली. पण काकांचा आणखी एक नियम होता: दिवेलागणीनंतर दही दाराबाहेर द्यायचं नाही. हा नियम पुष्कळ घरांत असतो. फक्त काकांची दिवेलागण पुण्याच्या घड्याळावर व्हायची. बोट पश्चिमेला जाते तशी जवळजवळ रोज तासभर घड्याळं मागे घेतात. त्यामुळे इंग्लंड सोडलं तेव्हा काकांचे दिवे दुपारी अडीचला लागत होते, ते चौथ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी लागू लागले.

बाई भर दुपारी वाटी घेऊन आल्या. वर लख्ख ऊन होतं.

"दिवे लागलेत, बाई," काका म्हणाले.

"कुठे?"

"कसब्यात."

बाईंनी त्यांना पृथ्वी कशी फिरते ते सांगायला सुरुवात केली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "फिरत असेल," ते म्हणाले. "सकाळी या." दुसऱ्या दिवशी बाई सातच्या आधीच दारात उभ्या होत्या. शेवटी शेवटी तर त्यांची दिवेलागण सकाळच्या न्याहारीला येऊन टेकली, आणि चाळीस सुखवस्तू माणसं सुट्टीवर असताना उजाडता उजाडता वाट्या घेऊन उठू लागली. कुणी कुरकुर केली नाही. मला वाटतं, सात दिवसांच्या त्या पाण्यात तेवढीच एक गोष्ट त्यांना घरच्यासारखी सापडली होती.

काका अधूनमधून कठड्याशी उभे राहून ते पाणी बघायचे. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत काही नाही. मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाले, "पुतण्यानं बिबवेवाडीला जागा घेतली तेव्हा तिथे असंच होतं."

आता ती सकाळ.

अमेरिकेत उतरताना फॉर्म भरून द्यावा लागतो. खाण्याचे पदार्थ आणले आहेत का, असा त्यात एक प्रश्न असतो. टूर मॅनेजर सगळ्यांचे फॉर्म आपणच भरतो आणि नुसत्या सह्या घेतो. तशी रीतच होती. मी आदल्या दिवशी सगळ्या फॉर्मांवर 'नाही' अशी खूण केली होती. प्रत्येकाच्या बॅगेत लोणचं, भाजणी, मेतकूट होतं हे मला ठाऊक होतं. काकांनी आपला फॉर्म माझ्याकडून वाचून घेतला आणि परत दिला.

"माझ्यावर दही लिही."

मी त्यांना विनवलं. एकानं 'हो' लिहिलं की ते सगळ्यांना बाजूला घेतील, चाळीस बॅगा उघडतील, बाहेर बस उभी असेल, माझी नोकरी जाईल. काका म्हणाले, "दूध बोटीचंच आहे, माझं चमचाभर विरजण. विचारतील तर दाखवीन. टाक म्हणाले तर त्यांच्यासमोर पिऊन टाकीन. पण नाही म्हणून लिहायचं नाही." त्यांनी मंडळींना शब्दही दिला होता, की उतरायच्या सकाळी प्रत्येकाच्या हातावर दही घालीन. प्रवासाला निघताना घालतात तसं.

न्यूयॉर्क आलं त्या दिवशी उजाडताना काका किनारा बघायला वर गेले. मी खोलीत एकटा होतो. फ्रिजमागून डबा काढला, कानटोपी उतरवली. दही सुरेख लागलं होतं, वर एक रेघही नव्हती. ते मी संडासात ओतलं. बोटीवरचे संडास ओरडल्यासारखा आवाज करतात. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग डबा स्वच्छ धुतला, मेजावर रुमाल पसरून त्यावर पालथा घातला, आणि बाहेर येऊन उभा राहिलो.

काका आले. ते आत गेले तेव्हा बाहेर मंडळी जमू लागली होती. दारातून मला दिसलं: त्यांनी डबा उचलला, आतून बोट फिरवलं, आणि तसाच हातात धरून उभे राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "खोली आवरणाऱ्यांनी टाकलं असेल. आज लवकर आले होते."

हे मी मोठ्यानं म्हणालो. सगळ्यांना ऐकू गेलं.

बोळात चाळीस माणसं उजवा तळहात पुढे करून उभी होती. तो देखावा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बाई म्हणाल्या, "तक्रार लिहा. पहिली सही माझी." कुणीतरी कागद दिला. मी इंग्रजीत तक्रार लिहिली. हो, मी लिहिली. अकरा सह्या झाल्या आणि कागद काकांकडे आला. त्यांनी तो वाचता येत असल्यासारखा नीट पाहिला, चार घड्या घातल्या आणि स्वेटरच्या खिशात टाकला.

"मीच सांडलं," ते म्हणाले. "झाकण काढताना निसटलं हातातून. सांगायची लाज वाटली."

मग बाई म्हणाल्या, "अहो, मग आधी सांगायचं. एका गरीब माणसाच्या पोटावर पाय आला असता. आणि इतके दिवस आम्ही तुमच्या हाताचं कौतुक करत होतो."

"हो," काका म्हणाले. "चुकलंच."

मी तिथेच होतो. दोन पावलांवर. माझ्या हातात फॉर्मांचा गठ्ठा होता, आणि काकांच्या फॉर्मवर आता 'नाही' हे खरं होतं. तोंड उघडायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "चला, बस थांबली असेल."

त्याचे परिणाम तेवढ्यावर थांबले नाहीत. पुण्याला परतल्यावर बाईंनी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. त्यात आचाऱ्यांच्या वयाचा उल्लेख होता. साहेबांनी मला बोलावून विचारलं, हात थरथरतो का त्यांचा? मी म्हणालो, मला कल्पना नाही. एवढंच म्हणालो. पुढच्या सहलीला दुसरा आचारी गेला. काकांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. मी मात्र वाढत गेलो, पुढे स्वतःचं ऑफिस काढलं. कसब्यातून जाण्याची वेळ आली तर लांबचा रस्ता धरायचो. त्यांच्या बायकोचं तीस वर्षांचं विरजण आपण समुद्रात सोडलं, हे मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

अशी बारा वर्षं गेली. माझी मुलगी शिकायला अमेरिकेला निघाली. दोन दिवस आधी बायको सहज म्हणाली, निघताना तिच्या हातावर दही घालायचं, तुम्हीच घाला. मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

काका तांबटाच्या दुकानावरच्या त्याच जागेत राहत होते. दार उघडंच होतं. वाळले होते, पण स्वेटर तोच. मला पाहून म्हणाले, "या मॅनेजर. बस थांबली नाही वाटतं आज?"

मी बसलोसुद्धा नाही. "काका, ते दही मी टाकलं होतं. तुम्ही नाही सांडलंत."

"मी सांडलं नाही, हे मला तू सांगतोस?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"हं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो," काका म्हणाले. "बारा वर्षं म्हणजे जरा जास्तच लावलीस."

मग त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांनी एकदाच मध्ये विचारलं, त्या इब्राहिमभाईंना सांगितलंस का? मी म्हटलं, ते कुठे असतील कोण जाणे. "मी सांगितलं होतं," काका म्हणाले. "उतरायच्या आधी. म्हटलं, आमच्या माणसाकडून तुमचं नाव निघालं, राग धरू नका. तर तेच मला म्हणाले, तुमचं विरजण गेलं ना, काका."

ते ऐकल्यावर मला रडू आलं. काकांनी खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीतरी शोधलं. मग म्हणाले, "गेलं कुठे? विरजण कधी एकाच घरात ठेवतात का? खालच्या बागवानवहिनींकडे ते वीस वर्षं आहे. आल्यावर वाटी घेऊन गेलो, घेऊन आलो. इब्राहिमभाईंनाही दिलं होतं चौथ्या दिवशी, त्यांच्या लोकांसाठी. ती बोट अजून चालत असेल तर तिच्यावरही असेल."

मी मुलीचं सांगितलं आणि चमचाभर विरजण मागितलं. काकांनी मनगटाकडे पाहिलं. त्यांचं घड्याळ आणि माझं, दोन्ही त्या दिवशी एकच वेळ दाखवत होती.

"दिवे लागलेत," ते म्हणाले. "सकाळी ये."

सकाळी सहाला गेलो. त्यांनी वाटीत विरजण काढून ठेवलं होतं, वर केळीचं पान. दारात उभा राहून मी विचारलं, की मीच टाकलं हे कळलं कसं.

"डबा पालथा होता. इब्राहिमभाई काहीही धुतलं की पुसून, झाकण लावून, जागेवर ठेवायचे. बोटीची शिस्त. धुतलेलं भांडं निथळायला पालथं घालायचं, ही आपल्या घरची रीत. आणि त्यांच्याखेरीज खोलीची किल्ली तुझ्याकडे न् माझ्याकडे." मग वाटी माझ्या हातात देत म्हणाले, "पुन्हा कधी असलं काही केलंस तर पुसून ठेव. पालथा घातला की कळतं."

मी जिना उतरू लागलो तसे वरून म्हणाले, "आणि एक कर. कुठेतरी लिहून टाक. त्या बाई सगळं वाचतात."

त्यानंतर ते चार वर्षं होते. मी दर आठवड्याला जायचो, सकाळचा. लिहून टाक म्हणाले होते, तेवढं माझ्याच्यानं होत नव्हतं. गेल्या वर्षी काका गेले. म्हणून आता, त्या चाळिसांपैकी कुणी हे वाचत असेल, बाई, आपण वाचत असाल, तर सांगतो: काकांच्या हातून त्या दिवशी काही सांडलं नव्हतं. कधीच काही सांडलं नव्हतं.

त्या चमच्याचं दही मुलीच्या हातावर घातलं. आमच्या घरी आता तेच लागतं. वरच्या मजल्यावर दिलंय, व्याह्यांकडे दिलंय, ऑफिसातल्या दोघांना दिलंय. दिवेलागणीनंतर कुणी आलं तर सकाळी या म्हणतो. काकांचं सगळं ऐकतो, एक सोडून. डबा धुतला की मी तो ओट्यावर पालथा घालतो. बायको पुसायला लागली की म्हणतो, राहू दे. दिसू दे.